आफ्रिकेतील जमातनिष्ठा : कारणे, हानी आणि भाषेचा संबंध

१. संज्ञेचा विचार

आफ्रिकेतील एखाद्या राष्ट्रात निवडणुकीनंतर दंगल उसळली, लष्कराने सत्ता बळकावली अथवा यादवी पेटली, की तिचे कारण म्हणून बहुधा एकच शब्द पुढे केला जातो, तो म्हणजे 'टोळीवाद'. हा शब्द उच्चारला म्हणजे विवेचन संपले, असे मानण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः विवेचनाचा आरंभ तेथून व्हावयास पाहिजे. टोळीवाद हे कारण आहे की कार्य आहे, तो कोणी निर्माण केला, त्याचा लाभ कोणाला होतो आणि भाषाभेदाशी त्याचा संबंध किती आहे, हे प्रश्न त्या एका शब्दाच्या आड झाकले जातात. त्यांचा थोडक्यात परामर्श घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम संज्ञेविषयी. मराठीत 'टोळी' ह्या शब्दाने भटक्या अथवा लुटारू समूहाचा बोध होतो. नायजेरियातील योरुबा भाषकांची संख्या काही कोटींच्या घरात आहे. त्यांच्यांत नगरे, राजघराणी, विद्यापीठे आणि वृत्तपत्रे आहेत. त्यांना 'टोळी' म्हणावयाचे आणि त्यांच्याहून कितीतरी लहान अशा युरोपीय समूहांना 'राष्ट्र' म्हणावयाचे, ह्यांत शास्त्रीय काटेकोरपणापेक्षा जुन्या साम्राज्यकाळाच्या सवयीचाच भाग अधिक आहे. आर्ची माफेजे ह्या दक्षिण आफ्रिकी मानवशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये लिहिलेल्या निबंधात ह्या संज्ञेवर नेमका हाच आक्षेप घेतला होता. दुसरा पर्यायी शब्द 'जमातवाद' हा असला, तरी आपल्याकडे तो धार्मिक तेढीच्या अर्थाने रूढ झाला आहे. म्हणून ह्या लेखात समूहासाठी 'जमात' आणि प्रवृत्तीसाठी 'जमातनिष्ठा' हे शब्द योजिले आहेत. सार्वजनिक अधिकार, पैसा व संधी ह्यांचे वाटप जन्मजात समूहाच्या कसोटीवर व्हावे, अशी अपेक्षा बाळगणे आणि तसे वर्तन करणे, म्हणजे जमातनिष्ठा होय. स्वतःच्या भाषेविषयी किंवा चालीरीतींविषयी आपलेपणा वाटणे, एवढ्याने ती सिद्ध होत नाही.

२. वसाहतपूर्व स्थिती

वसाहतींच्या पूर्वी आफ्रिकेत जमाती नव्हत्या आणि सर्वत्र सलोखा नांदत होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. लढाया होत्या, दास्य होते, जेत्यांचा माजही होता. परंतु त्या काळी माणसाची ओळख एकपदरी नव्हती. तो एकाच वेळी एका कुळाचा, एका वयोगटाचा, एका राजाच्या अंमलाखालचा आणि एखाद्या देवस्थानाचा भक्त असे. ह्या वर्तुळांच्या सीमा एकमेकींशी जुळत नसत. दुष्काळात लोक स्थलांतर करीत व दुसऱ्या राजाच्या आश्रयाला जाऊन कालांतराने त्याचेच होऊन जात.

योरुबांचेच उदाहरण पाहू. हे नाव पूर्वी प्रामुख्याने ओयो राज्यातील लोकांना लावले जाई, आणि तेही उत्तरेकडील हौसा भाषक लावीत. एग्बा, इजेबू, एकिती, इजेशा हे समूह स्वतःस त्या त्या नावानेच ओळखत. १८७७ ते १८९३ ह्या काळात इबादान आणि एकिती-इजेशा संघ ह्यांच्यांत जे दीर्घ युद्ध झाले, ते आजच्या भाषेत बोलावयाचे तर योरुबांचे योरुबांशी युद्ध होते. सर्वांना सामावणारी 'योरुबा' ही जाणीव प्रथम स्पष्ट झाली ती मायभूमीपासून दूर, सिएरा लिओनमधील फ्रीटाउन येथे. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेले निरनिराळ्या राज्यांतील लोक तेथे एकत्र आले आणि आपली बोली परस्परांस समजते, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांच्यापैकीच एक, सॅम्युअल अजायी क्राउथर, ह्यांनी १८४३ मध्ये योरुबा शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली झालेले बायबलचे भाषांतर १८८४ मध्ये पूर्ण झाले. त्या भाषांतराने एक लिखित भाषा निर्माण केली आणि त्या भाषेने एक समाज घडविला. ह्यांत निंद्य असे काहीच नाही. युरोपातील अनेक राष्ट्रेही अशीच घडली. परंतु जी गोष्ट अनादि म्हणून सांगितली जाते, ती पुष्कळदा अवघ्या शंभर-दीडशे वर्षांची असते, एवढे ह्यावरून दिसून येते.

३. शासन, मिशन आणि व्याकरण

मऊ असलेली ही माती भाजून कठीण करण्याचे काम वसाहतीच्या शासनाने केले. थोड्या अधिकाऱ्यांच्या बळावर विस्तीर्ण प्रदेश ताब्यात ठेवावयाचा, तर स्थानिक प्रमुखांकरवी कारभार चालविणे स्वस्त पडते. लॉर्ड लुगार्ड ह्यांनी १९२२ च्या आपल्या ग्रंथात ह्या अप्रत्यक्ष राज्यपद्धतीची तात्त्विक मांडणी केली. ह्या पद्धतीला प्रत्येक प्रजाजनाची एक जमात, प्रत्येक जमातीचा एक प्रदेश, एक प्रमुख आणि एक रूढिसंमत कायदा लागे. जेथे असा प्रमुख नव्हता, तेथे तो नेमण्यात आला. जमीन हवी असेल, तंटा सोडवावयाचा असेल, तर माणसाला आपण अमुक जमातीचे आहोत असे सिद्ध करणे भाग पडले. महमूद ममदानी ह्यांनी १९९६ च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, नगरांतील गोऱ्यांसाठी नागरिकत्व आणि खेड्यांतील आफ्रिकनांसाठी जमातीचे प्रजाजनत्व, अशी ही दुहेरी रचना होती. लोकांनीही ती निमूटपणे सोसली असे नव्हे. राज्ययंत्रणेला जमातीचीच भाषा समजते हे ओळखून त्यांनी स्वतःच्या जमाती नेटाने उभ्या केल्या.

ह्या कार्यात आमच्या शास्त्राचा वाटा लहान नाही. बोलीभाषांचे क्षेत्र हे बहुधा सलग असते. एका खेड्यातील बोली शेजारच्या खेड्याला समजते, तेथील पुढच्याला समजते. टोकाच्या दोन खेड्यांना मात्र परस्परांचे बोलणे समजेनासे होते. ह्या सलग पटावर कोठे रेघ ओढावयाची, ह्याचे उत्तर निसर्ग देत नाही. ते छापखाना देतो, शाळा देते, शासन देते. दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, रोमन कॅथलिक मिशनने झेझुरू बोलीत, डच रिफॉर्म्ड मिशनने करंगा बोलीत आणि अँग्लिकन व मेथॉडिस्ट मिशनांनी मन्यिका बोलीत क्रमिक पुस्तके व धर्मग्रंथ छापले. प्रत्येक मिशनच्या क्षेत्राला अशा रीतीने भाषेची एक हद्द मिळाली. 'मन्यिका' हे नाव मुळात मुतासा राजाच्या लहानशा राज्यापुरते मर्यादित होते. ते पुढे विस्तृत प्रदेशातील लोकांना कसे चिकटले आणि शहरात नोकरी शोधणाऱ्या तरुणांनी ते कसे अभिमानाने मिरविले, ह्याचा शोध टेरेन्स रेंजर ह्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात घेतला आहे. १९३१ मध्ये विटवॉटर्सरँड विद्यापीठाचे प्रा. क्लेमेंट डोक ह्यांनी सरकारला अहवाल सादर करून, प्रामुख्याने करंगा व झेझुरू ह्यांच्या पायावर एक समान लिखित भाषा उभारावी आणि तिला 'शोना' हे नाव द्यावे, अशी शिफारस केली. ते नाव त्या सर्व लोकांनी स्वतःस दिलेले नव्हते. आज मात्र 'शोना' ही झिंबाब्वेतील सर्वांत मोठ्या समूहाची ओळख आहे. जी रेघ एका मिशनने फाळणीसाठी ओढली, तीच एका भाषाशास्त्रज्ञाच्या अहवालाने बहुतांशी पुसली आणि अधिक मोठी नवी रेघ आखली.

ह्याच्या उलट प्रकार थोडा दक्षिणेस घडला. स्विस मिशनऱ्यांनी उत्तर ट्रान्सव्हालमधील निर्वासितांच्या बोलींवरून एक लिखित भाषा तयार केली. परंतु मोझांबिकच्या किनाऱ्यावर तीच पुस्तके नेली, तेव्हा तेथील बोली निराळी असल्याचा प्रत्यय आला. हेन्री बर्थू ह्यांचा आग्रह एकाच भाषेचा होता, तर हेन्री-अलेक्झांडर जुनो ह्यांनी १८९६ मध्ये रोंगा बोलीचे स्वतंत्र व्याकरण सिद्ध केले. आज दक्षिण आफ्रिकेत त्सोंगा आणि मोझांबिकमध्ये रोंगा अशा दोन भाषा गणल्या जातात. ह्या विभाजनात ध्वनिभेदांइतकाच मिशनच्या केंद्रांमधील मतभेदांचाही हात आहे.

४. एका शब्दाचा इतिहास

भाषाभेद हेच जमातनिष्ठेचे मूळ, असे मानणाऱ्यांनी रवांडाचा विचार अवश्य करावा. तेथे हुतू, तुत्सी व त्वा ह्या तिन्ही समूहांची भाषा एकच, किन्यारवांडा. धर्म, खेडी व चालीरीती ह्यांतही वेगळेपण नव्हते. हा भेद वसाहतवाल्यांनी शून्यातून निर्माण केला, असे नव्हे. गुराढोरांची मालकी, राजदरबाराशी जवळीक आणि वेठीची सक्ती ह्यांवरून तो एकोणिसाव्या शतकातच तीव्र होऊ लागला होता. परंतु त्यांत ये-जा होती. बेल्जियन शासनाने १९३० नंतरच्या दशकात प्रत्येकास ओळखपत्र देऊन त्यावर समूहाचे नाव लिहिले, आणि ती ये-जा थांबली. शासन व चर्च ह्यांनी दीर्घकाळ तुत्सींना झुकते माप दिले. १९५९ च्या उठावानंतर आणि १९६२ च्या स्वातंत्र्यानंतर पारडे फिरले, पण ओळखपत्रातील रकाना तसाच राहिला.

त्या रकान्यासाठी किन्यारवांडात 'उब्वोको' हा शब्द वापरला गेला. ह्या शब्दाचा जुना अर्थ 'प्रकार' आणि मनुष्यांच्या संदर्भात 'कुळ' असा होता. रवांडातील कुळे हुतू-तुत्सी भेदाला आडवी छेदणारी होती. एकाच कुळात हुतू, तुत्सी व त्वा हे तिघेही असत. जो शब्द लोकांना परस्परांशी जोडीत होता, तोच शासनाच्या नमुन्यात त्यांना विभागणारा शब्द झाला. १९९४ च्या एप्रिल ते जुलै ह्या सुमारे १०० दिवसांत जो वंशसंहार झाला, त्यांत संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८ लाख माणसे मारली गेली. रवांडा सरकारचा आकडा १० लाखांहून अधिक आहे. रस्त्यावरील नाक्यांवर ओळखपत्रे पाहून माणसे वेगळी काढली जात. भाषा एकच असल्यामुळे बोलण्यावरून कोणाला ओळखता येत नव्हते. मारेकऱ्यांचे काम कागदाने केले.

पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणासमोर अकायेसू खटला चालला, तेव्हा एक विलक्षण अडचण उभी राहिली. वंशसंहाराच्या व्याख्येत राष्ट्रीय, वांशिक अथवा धार्मिक समूह अभिप्रेत आहेत. परंतु येथे बळींची भाषा किंवा संस्कृती वेगळी नव्हती. १९९८ च्या निकालात न्यायाधीशांनी शासकीय वर्गीकरण, ओळखपत्रे आणि लोकांची स्वतःची दृढ झालेली समजूत ह्यांचा आधार घेतला. त्या खटल्यात तज्ज्ञ म्हणून रवांडातील एका भाषाशास्त्रज्ञाची साक्ष झाली. 'इन्येंझी' म्हणजे झुरळ, हा शब्द १९६० नंतरच्या दशकातील सशस्त्र बंडखोरांपासून १९९४ च्या निरपराध तुत्सी शेजाऱ्यापर्यंत कसा येऊन पोचला, ह्याचे अर्थशास्त्रीय नव्हे, तर अर्थविचाराचे विवेचन न्यायालयाला आवश्यक वाटले. हा शब्द घरोघर पोचविणाऱ्या नभोवाणी केंद्राच्या संस्थापकांपैकी एक, फर्दिनां नाहिमाना, हे विद्यापीठात इतिहासाचे अध्यापक होते. चिथावणीच्या अपराधाबद्दल त्यांना शिक्षा झाली. विद्वत्ता हे जमातनिष्ठेवरील हमखास औषध नव्हे, हे विद्यापीठांतून काम करणाऱ्यांनी विसरता कामा नये.

५. स्वातंत्र्योत्तर कारणे आणि हानी

वसाहती गेल्या, तरी जमातनिष्ठा का टिकली? सारा दोष गतकाळावर टाकणे सोयीचे असले, तरी पुरेसे नाही. नव्या राष्ट्रांत खाजगी उद्योग थोडे होते. नोकरी, परवाना, कर्ज, शिष्यवृत्ती आणि रस्ता ह्या सर्व गोष्टी शासनाच्याच हाती होत्या. शासन जिंकणे म्हणजे सर्व काही जिंकणे, आणि हरणे म्हणजे सर्व काही गमावणे, अशी स्थिती झाली. अशा स्पर्धेत मते गोळा करण्यास जमातीइतके तयार साधन दुसरे नव्हते. सामान्य माणसाच्या बाजूनेही ह्याला कारण होते. शहरात आलेल्या तरुणास निवारा, आजाऱ्यास मदत आणि मृतास मूठमाती देणारी संस्था बहुधा त्याच्या जमातीचीच असे. जेथे शासन विमा देत नाही, तेथे जात-जमात तो देते. तिला केवळ अज्ञान म्हणून हिणविणे न्याय्य नाही.

परंतु ह्या विम्याचा हप्ता समाजाला भयंकर भरावा लागतो. नायजेरियात तीन प्रांतांवर तीन मोठ्या समूहांचे वर्चस्व होते आणि पक्षही त्याच धर्तीवर वाटले गेले. लोकसंख्येवर जागा व निधी अवलंबून असल्यामुळे जनगणनाही रणक्षेत्र बनली. १९६२ ची गणना रद्द करावी लागली आणि १९६३ च्या आकड्यांवरही वाद झाला. १५ जानेवारी १९६६ च्या लष्करी उठावात पंतप्रधान बालेवा व उत्तरेचे नेते अहमदू बेल्लो मारले गेले. उठाव करणाऱ्यांत इग्बो अधिकारी बहुसंख्य असल्यामुळे तो इग्बोंचा कट म्हणून पाहिला गेला. त्याच वर्षी उत्तरेत इग्बोंची कत्तल झाली, मे १९६७ मध्ये बियाफ्राने स्वातंत्र्य घोषित केले आणि जानेवारी १९७० पर्यंत चाललेल्या युद्धात व उपासमारीत १० ते ३० लाख माणसे मृत्युमुखी पडली, असे अंदाज आहेत.

केनियात वादाचे मूळ जमिनीत आहे. गोऱ्या मळेवाल्यांसाठी राखून ठेवलेल्या रिफ्ट खोऱ्यातील जमिनींवर स्वातंत्र्यानंतर अनेक किकुयू कुटुंबे वसली. त्या भूमीवर हक्क सांगणाऱ्या नांदी, किप्सिगिस, तुगेन आदी समूहांनी तोवर 'कालेंजिन' हे समान नाव स्वीकारले होते. १९४० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या ह्या नावाचा अर्थ 'मी तुम्हांस सांगतो' एवढाच आहे. डिसेंबर २००७ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल वादग्रस्त ठरताच जो हिंसाचार उसळला, त्यांत १,१०० हून अधिक लोक मारले गेले आणि सुमारे ६ लाख बेघर झाले.

रक्तपाताहून कमी दिसणारी, परंतु नित्य चालू राहणारी हानी निराळीच आहे. पदावर योग्य माणसाऐवजी आपला माणूस नेमला जातो; लेखापरीक्षकाचा अहवाल जमातीवरील हल्ला ठरतो; आपल्या जमातीचा लाचखाऊ मंत्री हा लाचखाऊ न राहता आपला प्रतिनिधी होतो. जमातनिष्ठेचा सर्वांत मोठा लाभ पुढाऱ्यास होतो तो हा, की त्याला जाब विचारणारे कोणी उरत नाही. त्याच्या जमातीतील गरीब मात्र पूर्वीइतकाच गरीब राहतो.

६. बहुभाषिकता हा दोष आहे काय?

अनेक भाषा आहेत म्हणून फूट आहे. सबब भाषा कमी करा, असा उपाय पुष्कळदा सुचविला जातो. ह्याची परीक्षा आफ्रिकेतच झाली आहे. सोमालियात बहुसंख्य लोकांची भाषा एक, धर्म एक. सियाद बारे ह्यांच्या राजवटीत कुळाचा उल्लेखही निषिद्ध ठरला आणि जमातनिष्ठेच्या प्रतिमांचे समारंभपूर्वक दहन झाले. लोक एकमेकांस 'तुमचे माजी कुळ कोणते?' असे विचारीत! प्रत्यक्षात सत्ता काही कुळांच्याच हाती राहिली, आणि जानेवारी १९९१ मध्ये राजवट कोसळताच देश कुळाकुळांच्या युद्धात सापडला. निषेधाने नाव लपते, व्यवहार लपत नाही.

मलावीचे उदाहरण भाषाभ्यासकास अधिक उद्बोधक आहे. १९६८ मध्ये अध्यक्ष बांडा ह्यांच्या राजवटीने चिचेवा ही राष्ट्रभाषा ठरविली. उत्तरेकडील तुंबुका भाषा नभोवाणीवरून व छापील माध्यमांतून हद्दपार झाली. १९८९ मध्ये शिक्षकांनी आपापल्या मूळ प्रांतात परतावे, असा आदेश निघाला. ऐक्यासाठी म्हणून पुढे केलेली भाषा एका समूहाची मक्तेदारी झाली. १९९४ मध्ये बांडा पराभूत झाल्यावर तुंबुका पुन्हा नभोवाणीवर आली. सीमेपलीकडे झांबियात हेच चेवा व तुंबुका लोक राहतात आणि तेथे ते राजकारणात मित्र आहेत. डॅनियल पोझ्नर ह्यांनी २००४ मध्ये ह्याचा उलगडा केला. झांबियात दोन्ही समूह देशाच्या मानाने लहान असल्यामुळे ते 'पूर्वेकडचे' म्हणून एकत्र येतात. मलावीत ते प्रत्येकी एकट्याने सत्तेचा पाया होण्याइतके मोठे असल्यामुळे परस्परांसमोर उभे राहतात. भाषा त्याच, चालीरीती त्याच. निराळे आहे ते सत्तेचे गणित.

टांझानियात १२० हून अधिक समूह असून यादवी झाली नाही. कोणताही समूह वर्चस्व गाजविण्याइतका मोठा नाही, हे तेथील सुदैव. परंतु धोरणाचा भागही होता. स्वाहिली ही किनाऱ्यावरील व्यापारातून देशभर पसरलेली भाषा असल्यामुळे ती कोणा एका बलाढ्य समूहाची नव्हती. जूलियस न्येरेरे ह्यांनी तिला प्राथमिक शाळेत व शासनात स्थान दिले, जमातप्रमुखांची शासकीय पदे १९६३ मध्ये रद्द केली आणि १९६७ नंतरच्या जनगणनेत जमातीचा प्रश्न विचारला गेला नाही. एडवर्ड मिगेल ह्यांनी २००४ मध्ये केनिया व टांझानिया ह्यांच्यांतील एकेका ग्रामीण जिल्ह्याची तुलना केली. केनियात मिश्र वस्तीच्या भागांत शाळांसाठी वर्गणी कमी जमे. टांझानियात तसा फरक आढळला नाही. ह्या यशाची किंमतही नोंदविली पाहिजे. तेथे दीर्घकाळ एकपक्षीय राजवट होती, लाखो शेतकऱ्यांना सक्तीने नव्या खेड्यांत हलविण्यात आले आणि लहान भाषांना शाळेत जागा मिळाली नाही.

ह्यांखेरीज संविधानात्मक उपायही झाले आहेत. नायजेरियाच्या १९७९ च्या संविधानाने अध्यक्षास किमान दोन-तृतीयांश राज्यांत प्रत्येकी एक-चतुर्थांश मते मिळविण्याची अट घातली. केनियाच्या २०१० च्या संविधानाने ४७ परगण्यांकडे अधिकार व निधी सोपविला. ह्यांतून जमातनिष्ठा नष्ट झाली नाही. परंतु केवळ एका जमातीच्या बळावर देश जिंकणे अवघड झाले, आणि हरणाऱ्याच्या हाती काहीतरी उरू लागले.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. आफ्रिकेतील जमाती खोट्या नाहीत, परंतु त्या अनादिही नाहीत. शासन, धर्मप्रसार, छापखाना आणि स्वतः ते लोक ह्यांनी मिळून त्या घडविल्या. दुसरे असे, की केवळ भाषाभेदाने वैर उत्पन्न होत नाही. तसे असते तर रवांडा व सोमालिया शांत राहिले असते आणि टांझानिया केव्हाच दुभंगला असता. आणि तिसरे, सत्ता व जीवनसाधने ह्यांचे वाटप जमातीच्या दारातूनच होणार असेल, तर शहाणा माणूसही त्याच दारात उभा राहतो. त्याला उपदेश करण्यापेक्षा दुसरी दारे उघडणे अधिक उपयोगाचे आहे.

भाषेच्या अभ्यासकापुरती ह्यांतून एक जबाबदारी निघते. बोलींचा नकाशा काढताना, 'भाषा' आणि 'बोली' ही नावे देताना, जनगणनेचा तक्ता अथवा शाळेचे क्रमिक पुस्तक तयार करताना आपण केवळ नोंद करीत नसतो. सलग पटावर रेघ ओढली जाते, त्या रेघेला नाव मिळते, आणि पुढे त्या नावावर माणसांना जमीन, नोकरी, आणि प्रसंगी मरणही वाटले जाते. रेघ ओढू नये असे नव्हे. ओढल्याशिवाय कोणतेही शास्त्र चालत नाही. ती कोणी, केव्हा आणि कशासाठी ओढली, ह्याची नोंद मात्र रेघेसोबतच ठेवली पाहिजे. 'उब्वोको' ह्या एका शब्दाने तेवढे तरी आम्हांस शिकविले आहे.